ओलं नाक

अॅक्रिलिक रंग कपातला चहा निवायच्या आत वाळतो. पण फोटोवरून काढलेल्या त्या मेलेल्या कुत्र्याचं नाक काही केल्या वाळेना. चित्रकर्तीने पंखा लावला, हेअर ड्रायर फिरवला आणि मग नाद सोडला. नवरा गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

चित्र न्यायला आलेल्या आजींनी आधी नाकालाच बोट लावलं.

"अहो थांबा, रंग ओला आहे!"

आजींनी बोट पुढे केलं. रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता, नुसता ओलावा.

"शेवटी शेवटी कोरडंठाक पडलं होतं गं नाक," त्या म्हणाल्या. "आता बरा दिसतोय." आणि चित्र लेकरासारखं उराशी धरून चालत्या झाल्या.

तिने ब्रश धुतले, हात कोरडे पुसले. मग भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं नवऱ्याचं चित्र सरळ केलं. तेही फोटोवरूनच काढलेलं, याच रंगांनी, गेल्या वर्षी.

तिने त्याच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. कपाळावर धूळ होती. गालांवर धूळ होती.

ओठ ओले होते.