उजव्या हाताचं काम

मोंटानातल्या त्या दुकानात म्हाताऱ्या ऑरिनने खटक्याचा एकेक चाकू फक्त डाव्या हाताने उघडून-मिटून पाहिला. शेवटी शर्टाच्या खिशात मावेल असा एक छोटा निवडला. अंगठ्याने खटका पुढे सारला की पातं बाहेर, मागे ओढला की आत.

"काय रे, असल्या चाकूंना जन्मभर आळशांची खेळणी म्हणत आलास ना?" दुकानदार डेल हसला. "आणि उजवा हात काय संपावर गेलाय?"

"त्याला दुसरं काम लागलंय," ऑरिन म्हणाला.

बाहेर गाडीत शेजारणीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोने, व्हर्नाने, तो उजवा हात लगेच घट्ट धरला. सुटला की ती घाबरीघुबरी व्हायची, म्हणून हल्ली गुरांना चारा टाकतानाही तो तिच्याच मुठीत असायचा. घरी आल्यावर ऑरिनने गवताच्या भाऱ्याची दोरी नव्या चाकूने, एका हाताने, सटकन कापली.

व्हर्ना कौतुकाने बघत राहिली.



"छान आहे हो तुमचा चाकू. तेवढं माझा नवरा येईपर्यंत थांबा हं. तो आला की सोडते तुमचा हात."