पंचाहत्तर टक्के

१९८४ साली बी.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही, तर परीक्षेला बसू देत नसत. म्हणून रंभा गावी गेली, की तिच्या नंबरावर मी ‘येस सर’ म्हणायची. सर मान वर करत नसत.

पोळ्यासाठी तिला एटापल्लीच्या बसमध्ये मीच बसवलं. पंधरा दिवस झाले, तरी ती परतली नव्हती.

त्या दिवशी हजेरी संपली आणि तिचे वडील, खुशालभाऊ, वर्गाच्या दारात आले. “पोळ्याले येतो म्हणे पोरगी, आलीच नाई. बरी हाय ना जी?”

सरांनी रजिस्टर दाखवलं. “रोज हजर आहे. आताच ‘येस सर’ म्हणाली.”

खुशालभाऊंच्या जिवात जीव आला. ते दारातूनच एकेका बाकाकडे पाहू लागले.



“दिसून नाई राह्यली जी. बसते कुठी?”