दमयंतीचे दात

"रातीक जत्रेत नाटक आसा, आणि आमच्या दमयंतीचे फुडचे दोन दात तुटले," दशावतार कंपनीचे मालक म्हणाले.

दमयंती खुर्चीत बसली होती. पन्नाशीचा पुरुष, गालावर दाढीचे खुंट, गुडघ्याला पट्टा. काल राक्षसाची तलवार चुकून तोंडावर बसली होती.

मालक फोन घ्यायला बाहेर गेले, तशी दमयंतीने माझा हात धरला. "डॉक्टरानू, ऱ्हवांदेत असेच. तीस वर्सां लुगडा नेसून रडतंय, आता कंटाळलंय. तुटक्या दातांचो राक्षस चलता, राणी चलना नाय."

मला दया आली, पण तेवढ्यात मालक परत आले. मी कामाला लागलो. आधी कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या लेपाचा, पिवळसर थर, त्यावर पांढरट, कडेला काचेसारखा पातळ. एकेक थर निळ्या दिव्याखाली घट्ट केला, शेवटी घासून चकाकी आणली. दुर्दैवाने काम फारच सुरेख झालं.

"वा! आता धा वर्सां चिंता नाय," म्हणत मालकांनी आरसा धरला. दमयंतीने त्यात बघून, नळराजा रानात टाकून गेल्यावर करते तसा चेहरा केला.

"हेच्यार काय खावचा नाय?" तिने विचारलं.

मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. या दातांनी कडक काही फोडायचं नाही, आणि ऊस तर मुळीच सोलायचा नाही.

दमयंती गुडघा धरत खुर्चीतून उतरली.

"मालकानू, जाताना बाजारात गाडी थांबवा. माका ऊस होयो."