भर चौकात मिशी

"समोरच्या घरातलं नाव यादीत लागलं, तर ही मिशी भर चौकात उतरवीन," न्हावी म्हणाला आणि मिशीला पीळ दिला. मिशी हीच त्याच्या दुकानाची पाटी. खरी पाटी केव्हाच गंजून पडली होती.

शेजारचा चावीवाला कानस ठेवून उठला. "पुन्हा बोल. समोरच्या घरातलं?"

"हो, समोरच्या घरातलं. बहिरा झालास का लेका?"

"मी हरलो तर महिनाभर तुझं दुकान झाडीन." चावीवाल्याने टाळी घेतली. जरा जास्तच घाईने.

समोर लिफ्टवाला आणि त्याची मुलगी, दोघंच राहायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, ती औषधांच्या दुकानात कामाला होती. त्या घरातून अर्ज गेला होता टेकडीवरच्या विद्यापीठात, ग्रहताऱ्यांच्या अभ्यासाला. तिथे मुख्य प्रवेशाच्या आधी एक छोटी यादी लागायची. अख्ख्या देशातून वेचलेली मूठभर डोकी. तिथला पांढरा घुमट गल्लीतून रोज दिसायचा, पण गल्लीतलं कोणी त्याच्या आत कधी गेलं नव्हतं.

न्हावी आरशातून समोरच्या खिडकीवर नजर ठेवून असायचा. पोरगी येरझाऱ्या घालायची, फोन उचलायची, ठेवायची, भरल्या ताटावरून उठायची. बाप खुर्चीत ढिम्म.

"पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि हा बघ, दगड," न्हावी म्हणाला.

चावीवाला मान खाली घालून चावी घासत राहिला.

यादीच्या दिवशी सकाळी लिफ्टवाला दाढीला आला. न्हाव्याने फेस लावता लावता खडा टाकला, "यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू, काय भाऊ?"

"नाही. एकदाच प्रयत्न, असं ठरलंय आमचं. नाही झालं तर विषय बंद."

काय कडक बाप आहे, न्हाव्याला वाटलं. "मुलाखतीला तुम्हीपण गेला होता म्हणे?"

"दोघंही गेलो. घुमट आतून पाहिला." लिफ्टवाल्याचा आवाज खाली आला. "छत सरकतं हो त्याचं. एवढं अवजड धूड, पण बाजूला होताना हूं की चूं नाही. आणि वर एकदम सगळं आभाळ. मी तिथे टोपी काढून उभा राहिलो."

न्हावी वस्तऱ्याला धार लावू लागला.

"तुमचे हे समोरासमोरचे आरसे बघा," लिफ्टवाला म्हणाला. "आत आत जाताना आपण हिरवे होत जातो. काच दर वेळी थोडा उजेड खाते. तो शेवटचा तुम्ही बघा, किती लांबून येताय."

न्हाव्याने पाहिलं. खरंच, दूरवर एक हिरवट, अंधुक न्हावी वस्तरा धरून उभा होता. या दोन आरशांमध्ये त्याची हयात गेली होती. हा माणूस त्याला कधी भेटला नव्हता.

"पोरीची पुस्तकं वाचता वाटतं," तो हळूच म्हणाला.

"पुस्तकं तीच आणते."

दुपारी समोरून किंकाळी आली. पोरगी अनवाणी चौकात धावली. "लागलं, काका. नाव लागलं." एका डोळ्याने रडत होती, दुसऱ्याने हसत होती. मागून लिफ्टवाला भिंतीला धरून पायऱ्या उतरला.

चावीवाल्याने आधीच खुर्ची चौकात आणून ठेवली होती. गल्ली गोळा झाली. न्हावी ऐटीत बसला आणि त्याने स्वतःच्या मिशीला फेस फासला. हरल्याचं दुःख शोधूनही सापडेना. टेकडीवर घुमट लखलखत होता. आपल्या गल्लीतलं माणूस तिथे बसणार.

त्याने वस्तरा पोरीपुढे धरला. "ज्या हातांना टेकडीवाल्यांनी निवडलं, त्याच हातांनी उतरू दे."

चावीवाल्याला ठसका लागला.

पोरीने डोळे पुसले, वस्तरा घेतला आणि बापाच्या हातात ठेवला.

"किती थरथरतोय हात, बाबा. कॉलेजात पेन तरी धरता येईल ना?"