दुसरं वासरू

जुळ्यांतल्या पहिल्या वासराला डांगी गाय चाटत होती, दुसरं जवळ आलं की लाथ मारत होती. ठकूबाईंनी तिसऱ्यांदा त्याला कासेशी नेलं आणि ते पुन्हा कोलमडलं. त्याचे कान गार पडू लागले होते.

“आत्याबाई, बाटलीनं वरचं दूध पाजू का?” सुनेनं विचारलं.

“आईचा चीक पोटात गेला नाही, तर हे संध्याकाळ बघायचं नाही.” ठकूबाईंनी पहिल्याच्या अंगावरचा ओलावा दुसऱ्याला चोळला, वर मूठभर मीठ भुरभुरलं आणि त्याला गायीपुढं ठेवलं.

गायीनं हुंगलं आणि मान फिरवली. ठकूबाईंनी वासरू आणखी पुढं सरकवलं.

मग गायीची खरखरीत जीभ बाहेर आली. मीठ संपलं तरी चाटणं थांबेना. वासरू धडपडत कासेला लागलं, तेव्हा ठकूबाई मटकन खाली बसल्या.

“पोरी, आता मला पाणी दे.”