उजेडातली हाक

पाताळाच्या दाराआड हेडीस कधीचा ताटकळत उभा होता. वर पानगळ लागली, परतायची वेळ झाली, तरी माहेरी गेलेल्या पर्सेफनीचा पत्ता नव्हता. यंदा सासूनं ठेवूनच घेतलं तर?

"येतील हो राणीसाहेब," मेलेल्यांना नदीपार आणणारा म्हातारा नावाडी म्हणाला.

"तुला काय जातंय बोलायला!" हेडीस खेकसला.

मृत्यूच्या या राजाचं नाव घ्यायला पृथ्वीवर सगळेच टरकत. न जाणो, खरंच यायचा! सासूबाई तर लेकीसमोरही नुसतं 'तो' म्हणत. त्यांच्या धाकानं वर असताना पर्सेफनीही त्याचं नाव गिळून टाकी.

तेवढ्यात बाहेरून, अगदी उजेडातून, तिची हाक आली, "हेडीस! अरे हेडीस, दार उघड. आईनं नवे गहू दिलेत, हात मोकळे नाहीत."

त्यानं कडीला हात घातला, पण ती काढली नाही.

"उघडतो. आधी पुन्हा एकदा हाक मार."