चार बेटांचा पाऊस

आईला धाप लागली तेव्हा रेवतीने मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात फोन केला. पाऊस दोन तास उघडला तरच बोट येईल, असं तिला सांगण्यात आलं.

नऊ वर्षांपूर्वी रेवतीच्या या लहान बेटावर मेघयंत्र बसवलं होतं. आजूबाजूच्या चार बेटांचा सगळा पाऊस ते इथे ओढून आणायचं, म्हणजे तिथल्या पर्यटकांना बारमाही ऊन मिळायचं. यंत्राची देखभाल रेवतीकडे होती. तिने आजवर एकही हुकूम मोडला नव्हता. आज तिने यंत्र बंद केलं.

दोन तास झाले तरी पाऊस तसाच कोसळत होता. घाबरून तिने मेघयंत्राच्या मुख्य केंद्रातल्या साहेबांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रेवतीताई, ते यंत्र आम्ही गेल्या वर्षीच इथून बंद केलंय. तुमच्याकडे नुसते दिवे लागतात. पाऊस आता आपणहून तिथे येतो. आमच्याच्यानं तो हलत नाही."

आतून आईने विचारलं, "बंद केलंस का गं?"

"केलं, आई."

"मग खिडकी उघड. ऊन येऊ दे."

रेवती खिडकीपाशी गेली, पण कडी काढायला तिचा हात उचलेना.